खंड्या नेमका किती निळा?

पक्ष्यांच्या फोटोखाली ‘नो एडिट’ असं लिहायची पद्धत पडली आहे. लिहिणाऱ्याला त्यातून सचोटी सुचवायची असते आणि बघणाऱ्यालाही तेच पटतं: संगणकाचा हात लागला नाही तो फोटो खरा, लागला तो बनावट. ही वाटणी सोपी आहे, पण डिजिटल कॅमेरा ज्या तऱ्हेने चालतो तिच्यात ती बसत नाही. बहुतेक कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर लाल, हिरव्या आणि निळ्या फिल्टरची बारीक जाळी असते. कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांच्या नावाने ती ओळखली जाते. तिचं पेटंट १९७६चं. या जाळीमुळे प्रत्येक पिक्सेल एकच रंग मोजतो. निम्मे पिक्सेल हिरवा, पाव लाल, पाव निळा. त्या जागचे उरलेले दोन रंग शेजारच्या पिक्सेलवरून गणिताने भरले जातात. म्हणजे खंड्याच्या पाठीवरच्या रंगाचा दोन तृतीयांश हिशेब मोजलेला नसून काढलेला असतो. मग जेपीईजी तयार करताना कॅमेरा व्हाइट बॅलन्स ठरवतो, कॉन्ट्रास्ट वाढवतो, कडा धारदार करतो, नॉइज (चित्रातले दाणेदार ठिपके) पुसतो. त्याच फांदीवरचा तोच खंड्या ‘व्हिव्हिड’ सेटिंगवर एक निळा दिसतो, ‘न्यूट्रल’वर दुसरा. तेव्हा ‘नो एडिट’ फोटोही एडिट झालेलाच असतो. फक्त ते काम कॅमेरा बनवणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरने आधीच करून ठेवलेलं असतं, आणि तेही समोर कोणता पक्षी आहे हे न बघता.

यावर हमखास येणारं उत्तर असं, की मग मी डोळ्यांनी पाहिला तसा रंग आणतो, त्यात काय बिघडलं? बिघडत काही नाही, पण डोळ्यांची साक्ष वाटते तितकी पक्की नाही. भातखाचरात उभ्या असलेल्या बगळ्याच्या पोटावर भाताचा हिरवा उजेड परावर्तित होतो. कॅमेरा तो टिपतो, आपला मेंदू मात्र ‘बगळा पांढरा’ हे धरून चालतो आणि हिरवी झाक वजा करतो. आता एडिट करणाऱ्याने काय करावं? झाक ठेवली तर तो त्या सकाळच्या उजेडाशी प्रामाणिक, काढली तर पिसांच्या रंगाशी. दोन्ही गोष्टी समर्थनीय आहेत. खंड्या, नीलपंख यांच्या बाबतीत गुंता आणखी वाढतो, कारण त्यांचा निळा निळ्या रंगद्रव्यातून येत नाही. पिसांमधल्या केराटिन आणि हवेच्या अतिसूक्ष्म रचनेतून प्रकाश विशिष्ट तऱ्हेने विखुरतो, त्यातून तो दिसतो. विणीच्या काळातला जांभळ्या शिंजिराचा नर एका कोनातून कोळशासारखा काळा आणि मान वळवताच झळझळीत निळा-जांभळा. शिवाय पक्ष्यांना अतिनील किरणही दिसतात, त्यामुळे मादीला दिसणारा शिंजीर नेहमीच्या कॅमेऱ्यात उतरत नाही. एकच एक ‘खरा रंग’ हातात नसल्यावर खरेपणाची कसोटी रंगाच्या साम्यात शोधून भागणार नाही. ती माहितीत शोधायला हवी. फोटोत पक्ष्याची जी माहिती प्रकाशाबरोबर आली, ती एडिटिंगने उलगडली की पुसली, की नसलेली घुसडली, एवढंच विचारायचं.

या कसोटीवर रॉ फाईलमधून, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या नोंदीतून, सावल्या उजळणं हा सरळ सरळ सन्मार्ग ठरतो. १४ बिटच्या रॉ फाईलमध्ये प्रत्येक पिक्सेलला १६,३८४ पायऱ्या मिळतात, जेपीईजीत २५६. आकाशाच्या पार्श्वभूमीवर काळवंडलेल्या घारीच्या पंखाखालचे पट्टे त्या पायऱ्यांत दडलेले असतात. सावली उचलली की ते दिसू लागतात, आणि ते तिथे होतेच. पण यातूनच दुसरा गैरसमज जन्माला येतो, की रॉमध्ये काढलं म्हणजे काहीही परत आणता येतं. भर उन्हातल्या बगळ्याची पाठ एकदा पूर्ण जळाली, म्हणजे तिथले पिक्सेल काठोकाठ भरले, की त्या भागात पिसांची नोंदच उरत नाही. हायलाइटचं बटण कितीही ओढा, पांढऱ्या डागाचा राखाडी डाग होतो. त्यावर उपाय फोटो काढतानाच, एक्स्पोजर थोडं कमी ठेवून.

सॅच्युरेशनची कथा सावल्या उजळण्याच्या उलट. ‘रंगच तर वाढवला, पक्षी थोडाच बदलला?’ हे वाक्य निरुपद्रवी वाटतं. ठाणे खाडीतले रोहित (फ्लेमिंगो) घ्या. २०१५ मध्ये अभयारण्य जाहीर झालेल्या या खाडीत लहान आणि मोठा अशा दोन्ही जातींचे रोहित येतात. लहान रोहित जास्त गुलाबी आणि चोच गडद लाल. मोठा फिकट, जवळजवळ पांढरा, चोच गुलाबी नि टोक काळं. पिल्लं मळकट करडी. हा गुलाबी रंग खाण्यातल्या कॅरोटिनॉइडमधून येतो, त्यामुळे तो जात आणि वय दोन्हींबद्दल काही सांगत असतो. सगळा थवा सरसकट गुलाबी केला की हे सांगणं बंद पडतं. शिवाय लाल किंवा निळा चॅनेल टोकाला जाऊन पिसांचे बारकावे सपाट होतात. नीलपंखाचा पंख मग पंख न राहता रंग फासलेला पुठ्ठा वाटतो. हिवाळ्यात सह्याद्रीत येणारे ग्रीनिश वॉर्बलर आणि ग्रीन वॉर्बलर ओळखताना पोटावरच्या पिवळ्या छटेचा मोठा आधार असतो. तिथे व्हाइट बॅलन्स थोडा उबदार केला, तरी ईबर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावरची नोंद चुकीच्या नावावर जाऊ शकते.

सध्या सगळ्यात निसरडी जागा आहे एआयच्या साहाय्याने नॉइज काढण्याची. जुनं तंत्र नॉइजबरोबर पिसांचे तंतूही पुसायचं, पक्षी मेणाचा दिसायचा. नुकसान निदान डोळ्यांना दिसे. नवी साधनं शिकवलेल्या नमुन्यांवरून पिसं भरून काढतात. परिणाम सुरेख असतो, पण त्यातले काही तंतू त्या पक्ष्याचे असतात आणि काही सॉफ्टवेअरला ‘पिसं साधारण अशी असतात’ असं वाटल्याने आलेले. भिंतीवर लावायला हरकत नाही. ओळखीचा पुरावा म्हणून मात्र मूळ फाईल शेजारी ठेवूनच तो फोटो वाचावा.

आणि फोटोतली एखादी वस्तूच काढायची झाली तर? चोचीपुढची काडी पुसणं चूक आणि क्रॉप करून तीच काडी चौकटीबाहेर घालवणं बरोबर, हा दुटप्पीपणा नाही का? आक्षेप योग्य आहे, पण फरकही आहे. क्रॉप केलेला फोटो कमी सांगतो. काडी पुसलेला फोटो, ती जागा मोकळी होती असं खोटं सांगतो. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमची वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर स्पर्धा हीच रेघ ओढते: उजळ-गडद करणं, क्रॉप चालतं, चित्रात भर घालणं किंवा काढणं चालत नाही, आणि अंतिम फेरीत रॉ फाईल मागतात. तरी याच स्पर्धेत २००९चा विजेता फोटो त्यातला लांडगा माणसाळलेला असावा म्हणून बाद झाला आणि २०१७च्या एका विजेत्या फोटोतला अँटईटर पेंढा भरलेला असल्याच्या निष्कर्षावरून तोही. दोन्हीकडे लबाडीचा ठपका सॉफ्टवेअरवर नव्हता, लेन्ससमोर जे उभं होतं त्यावर होता. ‘नो एडिट’ची पाटी तिथेही लावता आली असती.

कलाकृती म्हणून कोणी आकाश बदलावं, दोन फोटो जोडावेत. डार्करूमच्या काळातही ते होत होतं. फक्त फोटोखाली तसं लिहावं. आणि तुम्ही फोटो कुठेही देणार असाल, स्पर्धेला, मासिकाला की ईबर्डवर, एडिट करून झाल्यावर जागा वाचवायला रॉ फाईल तेवढी उडवू नका.