करारनाम्याचे साम्राज्य

मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरातील आप्रवासी घाटावर आज, २ नोव्हेंबरला, रिवाजाप्रमाणे पुष्पहार वाहिले जातील. १८३४ साली 'ॲटलस' जहाजातून याच तारखेला तेथे उतरलेल्या ३६ हिंदी मजुरांची कथा वाचकांस परिचित आहे. परंतु ज्या व्यवस्थेने पुढे सुमारे साडेचार लाख माणसे त्या एका बेटावर नेली, ती व्यवस्था मुळात गुलामगिरीचेच नवे रूप होती, हे ह्यू टिंकर या ब्रिटिश इतिहासकाराने १९७४ साली ज्या परखडपणे मांडले, त्याचे मोल मला आजही कमी वाटत नाही.

१८२५ साली मॉरिशसच्या साखरेला जकातीची सवलत देऊन विलायत सरकारने उसाचे मळे वाढविले, आणि दशकभरात गुलामगिरी कायद्याने संपताच त्या मळ्यांसाठी हिंदुस्थानची माणसे करारनाम्याने बांधून नेली. मुदत पाच वर्षे, तनखा दरमहा पाच रुपये, वर शिधा. मात्र एक दिवस गैरहजर राहणाऱ्याचा दोन दिवसांचा रोज कापला जाई. मुदत संपलेल्या मजुरासही १८६७च्या कायद्यान्वये स्वतःचे छायाचित्र लावलेला परवाना अंगावर बाळगावा लागे, आणि तो नसल्यास भटक्या म्हणून कैद होई.

मरीना कार्टर या विदुषीने पुढे दप्तरांतील अर्ज आणि पत्रे तपासून दाखविले, की परतलेले मजूर व सरदार (म्हणजे मजुरांचे मुकादम) स्वतःच गावी येऊन आपल्या आप्तांना सोबत नेत. सारेच काही फसून गेलेले नव्हते. हे संशोधन मौलिक आहे, आणि मुंबई बंदरातून गेलेल्या कोकणी कुटुंबांची मराठी व गणेश चतुर्थी तेथे कशी टिकली हे समजण्यास उपयुक्तही आहे. तथापि, स्वेच्छेने चढलेल्या माणसाचाही दुप्पट रोज कापला जात होता, हे त्याने खोटे ठरत नाही. १८७१ साली ९,४०१ जुन्या मजुरांनी या जुलमाविरुद्ध अर्ज केला, तेव्हा कुठे शाही चौकशी आयोग नेमला गेला.

मराठी शाळांतून हा इतिहास शिकविला जावा, असे मला मनापासून वाटते. १९१२च्या मार्चमध्ये केंद्रीय कायदेमंडळात या व्यवस्थेची डागडुजी न मागता संपूर्ण बंदी मागणारा ठराव आणणारे गोपाळ कृष्ण गोखले रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूकचे होते. सरकारी बहुमताने तो ठराव फेटाळला, आणि भरती थांबण्यास १९१७ साल उजाडावे लागले.