दादरच्या शाळेतलं नाटकघर

दादर स्टेशनच्या पश्चिमेला उतरलं की छबिलदासची गल्ली हाकेच्या अंतरावर. वड्यासाठी तिथे आजही गर्दी असते. त्याच गल्लीतल्या शाळेच्या सभागृहात १९७४ साली ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेने बस्तान मांडलं आणि मराठी प्रायोगिक नाटकाला हक्काची जागा मिळाली. २०२४ मध्ये त्याला पन्नास वर्षं झाली. आठवणी खूप निघाल्या. तशी दुसरी जागा मात्र मराठी नाटकवाल्यांना पुन्हा लाभली नाही.

आधीचा इतिहास सर्वपरिचित आहे. १९६० साली विजया मेहता आणि मंडळींची ‘रंगायन’, १९६७ मध्ये ‘शांतता! कोर्ट चालू आहे’, पुढे ‘रंगायन’मध्ये फूट, १९७१ मध्ये अरविंद आणि सुलभा देशपांडे, अरुण काकडे यांची ‘आविष्कार’. फुटीचा काथ्याकूट पुष्कळ झाला, जागेबद्दल मात्र फारसं कुणी बोललं नाही.

छबिलदासचा खरा काळ १९७४ नंतरच्या दहा वर्षांचा. दिवसा शाळा, संध्याकाळी नाटक. ऑफिस सुटल्यावर नटमंडळी थेट तालमीला यायची. खुर्च्या मांडणं, तिकिटं फाडणं, प्रयोग संपल्यावर आवराआवर करणं ही कामं संस्थेचीच माणसं करत. रंगमंच छोटा, पहिल्या रांगेपासून नटाचा श्वास ऐकू येईल इतका. त्या जवळिकीने अभिनयाची पट्टीच बदलली. अमोल पालेकरांनी बादल सरकारांचं ‘जुलूस’ केलं, तेव्हा रंगमंच आणि प्रेक्षक ही सीमारेषाच पुसली गेली. तेंडुलकरांच्या ‘पाहिजे जातीचे’मध्ये नाना पाटेकर दिसले. पुण्याची थिएटर अकादमी ‘महानिर्वाण’ घेऊन आली. मेलेला भाऊराव स्वतःच्याच मरणाचं कीर्तन करतो, हे पचवणारा प्रेक्षकही इथे तयार होत गेला. सुलभाताईंनी ‘चंद्रशाला’ उभी केली आणि ‘दुर्गा झाली गौरी’मधून मुलांची एक पिढी रंगमंचावर आणली.

‘मूठभरांचं नाटक’ असा शिक्का त्या काळी सर्रास मारला जाई. तो अन्यायाचा होता. याच मूठभरांतून घडलेल्या नट-दिग्दर्शकांनी पुढे व्यावसायिक रंगभूमी आणि सिनेमा सांभाळला. त्यांच्यावर उभ्या राहिलेल्या धंद्याने या सभागृहासाठी काही केलं असतं, तर चित्र वेगळं दिसलं असतं.

१९८७ मध्ये अरविंद देशपांडे गेले. पुढे सभागृहही सुटलं. ‘आविष्कार’ माहीमच्या पालिका शाळेत गेली आणि काकडेकाकांनी २०१९ मध्ये अखेरचा श्वास घेईपर्यंत तिची धुरा वाहिली. जुहूला १९७८ मध्ये कपूर दांपत्याने पृथ्वी थिएटर बांधलं, एनसीपीएत प्रायोगिकांसाठी वेगळं सभागृह झालं. दोन्ही मोलाची. पण दादर-परळच्या गिरणगावातल्या पोरासाठी ती दूरची होती, नुसती अंतराने नव्हे. शासनाने आणि पालिकांनी शेकडो खुर्च्यांची नाट्यगृहं बांधली. दीडशे प्रेक्षकांचं, तालमीसकट वापरता येईल असं घर बांधणं कुणाला सुचलं नाही, ही खंत आजच्या प्रत्येक तरुण संस्थेच्या बोलण्यात येते.

अशी तरुण संस्था आज तासाच्या भाड्याने हॉल घेते. नेपथ्य टेम्पोतून येतं आणि त्याच रात्री परत जातं. तिसऱ्या अंकाची तालीम रंगात आलेली असते, दारात पुढच्या गटाची मुलं उभी राहतात आणि दिग्दर्शक घड्याळ बघून संवाद अर्ध्यावर थांबवतो.