मुंबई बेटातील दरोडे आणि पोलीस

‘आमच्या पणजोबांच्या काळी घराला कुलूप लावावे लागत नसे,’ असे सांगणारे एखादे वृद्ध गृहस्थ प्रत्येक सभेत भेटतातच. त्यांच्या गावापुरते ते खरेही असेल. मुंबई बेटाविषयी बोलायचे तर मात्र तो काळ इतका निर्धास्त नव्हता. एकोणिसाव्या शतकात या बेटावर जबरी चोऱ्या का होत, त्यांचा बंदोबस्त कोण करी आणि बंदोबस्त करणाऱ्यांचा बंदोबस्त कोणी केला, असे तीन प्रश्न आम्ही येथे घेणार आहोत. त्यांतील तिसरा आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो.

प्रथम शब्दांचा घोळ मिटवू. नजर चुकवून माल नेला तर ती चोरी. मारहाण करून किंवा जिवाचे भय घालून नेला तर ती जबरी चोरी. पाच किंवा अधिक जणांनी मिळून जबरी चोरी केली की तो दरोडा. ही पाचांची मर्यादा १८६० च्या पिनल कोडाने घातली आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेनेही ती तशीच ठेवली आहे.

आता मुंबईचेच वैशिष्ट्य पाहू. देशावरच्या गावात चोरी झाली, तर रामोशी किंवा जागल्या चोराचा माग काढी. माग शेजारच्या गावाच्या शिवेत गेला, की जबाबदारी त्या गावाची. माग लागलाच नाही, तर नुकसान भरून देण्याची पाळी राखणदारावर येई. या व्यवस्थेचा पाया एकच होता : गावात प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखतो. मुंबईत हा पायाच नव्हता. १७८० साली बेटाची वस्ती १,१३,७२६ होती; १८४९ च्या गणतीत ती ५,६६,११९ भरली आणि १८६४ साली ८,१६,५६२ झाली. घाटावरचा हमाल, कोकणातला खलाशी, गुजराथेतला दलाल, अरब घोडेवाला, युरोपातून आलेला गोरा खलाशी अशी सगळी माणसे परस्परांस अनोळखी. माग काढावा, तर तो बंदरावर येऊन पाण्यात बुडे. १८१८ पर्यंत बंदराच्या पलीकडच्या किनाऱ्यावर पेशव्यांचा अंमल होता. मचव्यात बसून पलीकडे गेलेला मनुष्य कंपनी सरकारच्या हातून गेलाच म्हणायचा.

त्यात लुटण्याजोगा माल मुबलक. कापूस, अफू, चांदी यांची उलाढाल बंदरावर अहोरात्र चाले. माल उतरता-चढता लांबवणाऱ्या टोळ्या तयार झाल्या. १८४० नंतर त्यांतल्या एका संघटित टोळीला ‘बंदर गँग’ असे नावच पडले. कोटाचे दरवाजे रात्री बंद होत, त्यामुळे आतल्या पेढ्यांना थोडाफार आडोसा मिळे. पण १८०३ च्या मोठ्या आगीनंतर बरीच वस्ती कोटाबाहेर गेली आणि तेथे दाट माडांच्या वाड्या नि काळोख. रस्त्यांवर तेलाचे दिवे आले ते १८४३ साली, गॅसचे १८६५ साली. पोलीस चौकीइतकेच काम दिव्यानेही केले, हे विसरून चालणार नाही.

पोलिसांची कथा मात्र सरळ नाही. सतराव्या शतकात गव्हर्नर ऑंजियर याने भंडाऱ्यांची सोटेधारी फौज उभारली, हा मुंबई पोलिसांचा आरंभ मानतात. १७७९ मध्ये जेम्स टॉड याला ‘लेफ्टनंट ऑफ पोलीस’ नेमले. १७९० मध्ये त्याच्यावरच लाचलुचपतीचा खटला होऊन त्याला काढावे लागले. पुढे सुपरिंटेंडेंट हे पद निघाले. १८१० साली त्या पदावरच्या चार्ल्स ब्रिस्को यांच्यावरही तोच आरोप आला. असे वारंवार का व्हावे? मनुष्य वाईट निवडले गेले, एवढेच उत्तर पुरत नाही. पकडणारा तोच, चौकशी करणारा तोच आणि शिक्षा देणाराही तोच, अशी ही रचना होती. संशयिताला फटके मारावेत, बेटाबाहेर हाकलावे, बेड्या घालून गोदीत कामाला जुंपावे, हे सारे सुपरिंटेंडेंट आपल्या अधिकारात करी.

यावर बोट ठेवले ते रेकॉर्डर सर जेम्स मॅकिंटॉश यांनी. १८०४ ते १८११ ते मुंबईत न्यायाधीश होते. रीतसर चौकशीवाचून दिलेल्या या शिक्षा बेकायदेशीर आहेत, असे त्यांनी सरकारला स्पष्ट बजावले. ‘चोरांचा सुळसुळाट झाला असता कायद्याचा कीस कसला काढता?’ हा प्रश्न तेव्हाही होताच. तरीही १८१२ साली नवा नियम होऊन तीन पोलीस मॅजिस्ट्रेट नेमले गेले.

याच्या नेमके उलट टोक म्हणजे चार्ल्स फोर्जेट. जन्म हिंदुस्थानातला, येथल्या भाषा अवगत, वेषांतरात निष्णात. १८५५ च्या सुमारास त्यांनी मुंबई पोलिसांची सूत्रे घेतली. गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांच्याशी पैज मारून ते पहारा चुकवून झाडूवाल्याच्या वेषात त्यांच्या शयनगृहात शिरले, अशी आख्यायिका आहे. १८५७ साली गंगाप्रसाद नावाच्या गृहस्थाच्या घरी भिंतीच्या छिद्रातून त्यांनी शिपायांचा कट ऐकला. लष्करी न्यायालयापुढे चौकशी होऊन १५ ऑक्टोबरला सय्यद हुसेन आणि मंगल गाडिया यांना एस्प्लनेडवर तोफेच्या तोंडी दिले. त्याच वर्षी फोर्जेट यांनी पोलीस कचेरीच्या आवारात फाशीचा खांब रोवून संशयितांना त्यासमोर उभे केले.

याच फोर्जेट यांच्या कारकिर्दीत धनिकांना सुरक्षित वाटले. निवृत्तीनंतर व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून त्यांना थैलीही दिली. आम्ही त्यांची हुशारी नाकारीत नाही. पण व्यापाऱ्याला ज्या फोर्जेटमुळे झोप लागे, त्याच फोर्जेटमुळे दुसऱ्या कोणाची झोप उडे, हेही सांगितले पाहिजे. चोर पकडणारे तेच पोलीस परक्या सत्तेचे डोळे आणि कान होते.

१८६४ च्या डिसेंबरात फ्रँक सूटर पहिले पोलीस कमिशनर झाले आणि १८८८ पर्यंत त्या पदावर राहिले. एका कर्तबगार माणसाच्या जागी हळूहळू खाते उभे राहिले. पण आमच्या मते त्या शतकातील सर्वांत मोलाची तरतूद पोलीस कचेरीत झालीच नाही. ती १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात आहे : पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध शाबीत करता येणार नाही. ज्या सरकारने पोलीस उभे केले, त्यानेच आपल्या पोलिसांवरचा हा अविश्वास लिहून ठेवला. इंग्रज गेले, २०२४ मध्ये तो कायदाही बदलला. हा नियम मात्र नव्या कायद्यात कायम आहे.

आजही एखादा भयंकर दरोडा पडला, की ‘पोलिसांना मोकळा हात द्या’ अशी हाक उठते. त्यामागची भीती खरी असते. तिची थट्टा करू नये. पण मुंबईने तो मोकळा हात टॉड आणि ब्रिस्को यांच्या काळी देऊन पाहिला आहे. तेव्हा लुटारू तर उरलेच, वर आणखी एकाची भर पडली. घराला कुलूप हवे, हे कोणीही सांगेल. किल्ली कोणाकडे, हेही प्रत्येक पिढीने विचारीत राहिले पाहिजे.