टोकियोच्या बालवर्गात आपली लेक

बालवर्गाच्या प्रवेशाचा प्रश्न चळवळीच्या दैनिकात कशाला, असे काही वाचकांना वाटेल. ज्या समाजाची बहुसंख्य मुले आजही जिल्हा परिषदेच्या आणि नगरपालिकेच्या शाळेत शिकतात, त्या समाजाला टोकियोच्या इंटरनॅशनल स्कूलशी काय देणे-घेणे? प्रश्न रास्त आहे. पण राखीव जागेवर अभियांत्रिकी करून संगणक कंपन्यांत लागलेली आपली पोरे आज जपान, जर्मनी, कॅनडा, सिंगापूर अशी पसरली आहेत. त्यांचे संसार तिथे उभे राहिले आणि त्यांची मुले शाळेच्या वयाची झाली. या पिढीने आपल्या मुलांना कोणत्या दारातून आत पाठवायचे, हा केवळ त्यांच्या घरचा प्रश्न नाही. त्यांच्या शिक्षणासाठी समाजाने किती लाठ्या खाल्ल्या, याचा हिशेब अजून जुना झालेला नाही.

विदर्भातले एक तरुण दांपत्य टोकियोच्या एदोगावा भागात राहते. मुलगी चौथ्या वर्षात आहे. त्यांनी मला दोन प्रश्न विचारले. एक आईचा : "वकीलसाहेब, इंटरनॅशनल स्कूलच्या के.जी.त घालू की जपानी बालवाडीत?" दुसरा बापाचा : "शाळेच्या फॉर्मवर जातीचा रकानाच नाही. पुढे व्हॅलिडिटीला त्रास होईल का?" दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे, ते शेवटी देतो. पहिल्याचे अवघड आहे.

इंटरनॅशनल स्कूल ही चीज आली कुठून, ते आधी पाहू. पहिले महायुद्ध संपल्यावर जिनिव्हात राष्ट्रसंघ आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांची कार्यालये आली. तिथल्या निरनिराळ्या देशांच्या अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी १९२४ साली जिनिव्हाची आंतरराष्ट्रीय शाळा निघाली. त्याच वर्षी जपानात योकोहामालाही तशीच एक शाळा सुरू झाली. आणि त्याच १९२४ साली मुंबईत बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. पुढच्याच वर्षी सभेने सोलापुरात वसतिगृह उघडले. एकीकडे राजनैतिक अधिकाऱ्यांची मुले देशांच्या सीमा ओलांडून एकत्र शिकावीत म्हणून शाळा निघत होती. दुसरीकडे एकाच देशातल्या, एकाच गावातल्या मुलांना शाळेच्या गावी राहायला छप्पर मिळावे म्हणून वसतिगृह काढावे लागत होते. दोन्ही कामे चांगलीच होती. पण जिनिव्हाच्या शाळेने देशादेशांतली भिंत पाडली, वर्गावर्गातली नाही. तो दोष त्या कुळात आजही आहे.

आज टोकियोतल्या मोठ्या इंटरनॅशनल स्कूलची वर्षाची फी २० लाख येनांच्या वर जाते. म्हणजे आपले दहा-अकरा लाख रुपये, तेही पाच वर्षांच्या मुलासाठी! बदलीवर पाठवलेल्या बड्या अधिकाऱ्याची फी बहुधा कंपनी भरते. करारावर गेलेला आपला अभियंता स्वतःच्या पगारातून भरतो, आणि गावी घराचे हप्तेही त्याच पगारातून जातात. म्हणून आपले बहुतेक लोक भारतीय अभ्यासक्रमाच्या इंटरनॅशनल शाळांकडे वळतात. सन २००० च्या सुमारास संगणकातल्या तारखांच्या घोळाचे काम निघाले तेव्हा भारतीय अभियंते टोकियोत मोठ्या संख्येने आले आणि एदोगावातल्या निशी-कासाई स्थानकाभोवती स्थिरावले. तिथून कचेऱ्यांच्या भागात थेट गाडी आहे. २००४ आणि २००६ साली टोकियोत सीबीएसईच्या शाळा निघाल्या. फी तुलनेने कमी, इंग्रजी माध्यम, आणि परत भारतात यायचे झाले तर मुलाचे वर्ष वाया जात नाही. ही सोय खोटी नाही. दोन-तीन वर्षांत परतायचे नक्की असेल तर ती शाळाच बरी, असे मीही सांगेन.

पण सोयीबरोबर दुसरेही काही येते. त्या दांपत्याच्या फॉर्मवर घरची भाषा विचारली होती, आहार विचारला होता, जात विचारली नव्हती. बाप हरखला. मात्र पालकांच्या पहिल्याच ओळखीत एका गृहस्थांनी आडनाव विचारले. आडनावाने समाधान झाले नाही म्हणून गाव विचारले, गावाने झाले नाही म्हणून कुलदैवत विचारले! फॉर्मवर नसलेला रकाना दोन मिनिटांत तोंडी भरून घेतला गेला. डब्याचेही तेच. ज्यांच्या घरी मांस-मासळी चालत नाही ते जपानी शाळेतले माशाचे जेवण टाळण्यासाठी भारतीय शाळा निवडतात. ते त्यांचे स्वातंत्र्य. पण मग आपल्या मुलीच्या डब्यातल्या अंड्याकडे दुसऱ्या चार वर्षांच्या मुलाने नाक मुरडले, तर ते त्याला कोणी शिकवले? (आपल्या लोकांना सुक्या बोंबलाचे वावडे नाही. जपानी शाळेत जेवणाची अडचण आपल्याला सर्वांत कमी, हा एक फायदाच समजा.)

परदेशातल्या शाळेत जात जाते, हे आता आपणच म्हणतो असे नाही. कॅनडात टोरंटोच्या शाळा मंडळाने मार्च २०२३ मध्ये शाळांतील जातीय छळाची दखल घेणारा ठराव मंजूर केला आणि ओंटारिओच्या मानवी हक्क आयोगाकडे मदत मागितली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आयोगाने जातीवरून होणारा भेदभाव हा तिथल्या कायद्याखाली येतो अशी भूमिका जाहीर केली. हे आपल्याच लोकांनी तिथे बैठका घेऊन, साक्षी देऊन मिळवले. जपानात असा ठराव अजून कुठल्या शाळेसमोर गेल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

आता जपानी बालवाडीकडे वळू. तिला तिथे 'योचिएन' म्हणतात. तीन वर्षांच्या पुढची मुले घेतात. ऑक्टोबर २०१९ पासून जपान सरकारने तीन ते पाच वयाच्या मुलांचे बालशिक्षण मोफत केले. मान्यताप्राप्त खाजगी योचिएनची फीसुद्धा दरमहा २५,७०० येनांपर्यंत माफ होते, आणि तिथे राहणाऱ्या परदेशी नागरिकांच्या मुलांनाही ती सवलत आहे. इंटरनॅशनल शाळांचे बालवर्ग मात्र बहुधा या पूर्ण माफीच्या बाहेर राहतात, कारण कायद्याच्या दृष्टीने त्या नेहमीच्या शाळाच नव्हेत.

इथे वकील म्हणून एक गोष्ट नमूद केलीच पाहिजे. आपल्या संविधानाच्या मूळ कलम ४५ मध्ये चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांच्या मोफत शिक्षणाचे निर्देश होते. त्यात खालची वयोमर्यादा नव्हती. २००२ च्या ८६ व्या दुरुस्तीने कलम २१-अ आले, हक्क मिळाला, पण तो सहा ते चौदा वयापुरता. बालवर्गाचे वय हक्कातून गळाले आणि पुन्हा निर्देशक तत्त्वात जाऊन पडले. म्हणून आपल्याकडे नर्सरीच्या नावावर वाटेल ती लूट चालते. जिथे २५ टक्के राखीव जागांचा आधार आहे, तोही महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेने मोडू पाहिला. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये ती अधिसूचना रद्द केली. असो.

जपानी शाळेत आपल्या दृष्टीने सर्वांत मोलाचे काय, असे मला कोणी विचारले तर मी झाडू म्हणेन. बालवाडीतच मुले आपले बूट जागच्या जागी लावतात, खेळ आवरतात, फडक्याने पुसतात. प्राथमिक शाळेत गेली की जेवण मुलेच वाढतात आणि वर्ग मुलेच झाडतात, अनेक शाळांत स्वच्छतागृहसुद्धा. पाळीपाळीने, सगळी. डॉक्टरचा मुलगा आणि ट्रक चालकाची मुलगी एकाच बादलीत फडके पिळतात. आपल्याकडे शाळेचे शौचालय कोणत्या मुलांकडून साफ करून घेतात, ते वर्तमानपत्रात अधूनमधून छापून येते. वाचकांना सांगायला नको. झाडू जन्माला चिकटलेला नसतो, तो पाळीने येतो आणि पाळीने जातो, ही गोष्ट आपल्या मुलीला चौथ्या-सहाव्या वर्षी हातानेच कळत असेल तर ती इंग्रजी कवितेपेक्षा मोठी आहे. जिथे सफाईला नोकर ठेवलेले असतात त्या इंटरनॅशनल शाळेत हे शिकायला मिळेलच असे नाही.

म्हणून जपान स्वर्ग आहे असे कोणी समजू नये. त्या देशातही अस्पृश्य होते. चामड्याचे, मेलेल्या जनावरांचे काम करणाऱ्या वस्त्यांना बुराकू म्हणतात. १८७१ च्या फर्मानाने त्यांचा हीन दर्जा कागदावर संपला, पण लग्नात आणि नोकरीत पत्ता पाहून नकार मिळत राहिला. ३ मार्च १९२२ रोजी क्योटोत त्यांनी 'सुइहेइशा' ही आपली संघटना उभारली. १९७५ मध्ये तर बुराकू वस्त्यांच्या पत्त्यांच्या याद्या छापून कंपन्यांना गुपचूप विकल्या जात असल्याचे उघड झाले. भेदभाव आजही आहे म्हणून २०१६ साली त्याविरुद्ध कायदा करावा लागला. जपानी माणसात आडनावावरून नव्हे तर पत्त्यावरून जात ओळखतात, एवढाच फरक.

आणि याच लोकांची एक लढाई आपल्या लेकीच्या दप्तरापर्यंत येते. शिकोकू बेटावर कोची शहरात नागाहामा नावाचा भाग आहे. १९६१ साली तिथल्या बुराकू वस्तीतल्या, मोलमजुरी करणाऱ्या आया संविधान वाचायला बसल्या. कलम २६ मध्ये सक्तीचे शिक्षण मोफत राहील असे लिहिलेले. मग पुस्तके विकत का घ्यायची? त्यांनी मागणी लावून धरली, शिक्षक त्यांच्या बाजूला आले आणि हा प्रश्न देशाच्या संसदेपर्यंत गेला. १९६३ पासून पहिलीच्या मुलांना पाठ्यपुस्तके मोफत मिळू लागली. १९६९ पर्यंत प्राथमिक आणि माध्यमिक शाळांतल्या सर्व मुलांना. आज जपानच्या सरकारी शाळेत जाणाऱ्या परदेशी मुलालाही ती पुस्तके फुकट मिळतात. विदर्भातल्या आपल्या लेकीच्या हातात पडणारे पहिले जपानी पुस्तक हे तिथल्या अस्पृश्य मायमाउल्यांनी मिळवून दिलेले असेल. इंटरनॅशनल शाळेत गेली तर तिला हे पुस्तक मिळणार नाही, आणि बहुधा ही गोष्टही कोणी सांगणार नाही.

त्या आईला मी माझे मत दिले ते असे : पाच-सात वर्षे राहण्याचा बेत असेल तर शेजारच्या योचिएनमध्येच घाला. चार वर्षांचे मूल परकी भाषा पाहता पाहता उचलते. दहाव्या वर्षी तीच भाषा डोंगर होते. के.जी. इंटरनॅशनल केली की पुढे जपानी शाळेत वळणे कठीण. शिवाय अनेक योचिएन बौद्ध विहारांशी जोडलेली आहेत आणि ८ एप्रिलला तिथे मुले बालबुद्धाच्या मूर्तीवर गोड चहा ओततात. सहा दिवसांनी १४ एप्रिल येतो. घरी काय सांगायचे ते आईबापांनी सांगावे. अडचणीही आहेत. शाळेच्या सूचना सगळ्या जपानीत, आईला पालकसभेत बसावे लागणार, वेगळ्या दिसणाऱ्या मुलाला चिडवण्याचे प्रकार तिथेही होतात. आणि परदेशी पालकांवर मुलांना शाळेत घालण्याची सक्ती जपानी कायद्यात नाही. २०१९ च्या सरकारी पाहणीत सुमारे २० हजार परदेशी मुले शाळेबाहेर असण्याची शक्यता दिसली होती. म्हणजे प्राथमिक शाळेसाठी अर्ज आपणच जाऊन करायचा. नोटिशीची वाट पाहत बसू नये.

राहिला बापाचा प्रश्न. परदेशी शाळेच्या नोंदवहीत जात नाही म्हणून मुलीचा हक्क जात नाही. जातीचा दाखला बापाच्या मूळ रहिवासावरून आणि १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या पुराव्यावरून निघतो. बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती १९९० च्या दुरुस्तीपासून आहेत. बापाकडे वैधता प्रमाणपत्र असेल, ते फसवणुकीने घेतलेले नसेल, तर रक्ताच्या नात्यातल्या मुलांना त्याचा आधार मिळतो. मुंबई उच्च न्यायालयाने २०१० च्या एका निकालात हे स्पष्ट केले आहे. मूल परदेशात जन्मले असेल तर एका वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत जन्मनोंद करावी, नाहीतर नागरिकत्वासाठीच केंद्र सरकारकडे परवानगी मागत फिरावे लागते. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, पणजोबांच्या नोंदीचा कोतवाल बुकाचा उतारा, बापाची वैधता, या सगळ्यांच्या साक्षांकित प्रती आताच काढून ठेवाव्यात. कोतवाल बुके जीर्ण झाली आहेत, काही तहसिलांत पाने हाताला लागताच तुटतात. मुलगी बारावीला येईपर्यंत ती टिकतीलच असे नाही.