हयातीच्या दाखल्यापुढे

संजय गांधी निराधार अनुदान आणि श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन या योजनांच्या लाभार्थ्यांनी प्रतिवर्षी हयातीचा दाखला गुजरावा, असा सरकारी शिरस्ता आहे. आणि सुरगाणा किंवा पेठ तालुक्यातल्या एखाद्या पाड्यावरच्या, मुलाच्या खांद्यावाचून ज्याला उंबरा ओलांडता येत नाही अशा वृद्धासही, दरमहा दीड हजार रुपयांच्या त्या अनुदानासाठी, आपण जिवंत आहोत हे वर्षातून एकदा सिद्ध करावे लागते. तो जिवंत आहे की नाही, हे राज्य न चुकता विचारते. त्याला कोण भरवते, त्याची कूस कोण बदलते, पाठीला जखमा झाल्या आहेत काय, हे विचारण्याची जबाबदारी कोणाच्या टेबलावर आहे, याचा शोध घेऊ जाता मात्र मनुष्य समाजकल्याणाकडून आरोग्याकडे आणि आरोग्याकडून महसुलाकडे फिरत राहतो.

कागदावर तरतूद नाही, असे म्हणण्याची सोय नाही. वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम 2010-11 साली सुरू झाला, त्यातच उपकेंद्राच्या कर्मचाऱ्याने अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांना घरी जाऊन पाहावे असे नमूद आहे. पुढे आरोग्यवर्धिनी केंद्रे आली, 2023 च्या अखेरीस त्यांचे ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ असे नामांतर झाले, आणि त्यांच्यासाठीच्या मार्गदर्शक सूचनांत वृद्धांचे हिंडते-फिरते, आधाराने चालणारे व अंथरुणावरचे असे वर्गही पाडले गेले. आशाताई ज्याला ‘सीबॅक’चा फॉर्म म्हणतात, त्यात साठीपुढच्या माणसाला उभे राहताना तोल जातो काय, जेवण, अंघोळ व शौचास दुसऱ्याची मदत लागते काय, जवळच्यांची नावे वा घरचा पत्ता विसरतो काय, असे अचूक प्रश्न आहेत. ‘होय’ या उत्तरावर खूण झाल्यावर पुढे काय घडावे आणि किती दिवसांत घडावे, हे मात्र तितक्या अचूकपणे ठरलेले नाही. माझ्या मते सेवेच्या दर्जाचा प्रश्न नेमका येथेच सुरू होतो.

घरपोच सेवेला मुदत आणि हिशेब कसा लावावा, हे आपल्या राज्याला ठाऊक नाही असेही नाही. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्याच स्त्रियांकडून नवजात बालकांची घरी देखभाल करवून घेतली, बालमृत्यू त्यायोगे किती घटतात हे 1999 साली ‘लॅन्सेट’मधून जगापुढे मांडले, आणि 2011 साली तीच पद्धत देशभर स्वीकारली गेली. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी आशाने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचे, वजन-ताप पाहून तक्ता भरायचा, वरिष्ठांनी तो तपासायचा, मग तिला अडीचशे रुपये मिळायचे. भेटीची तारीख, भेटीतली कृती, तपासणी आणि मोबदला ही सारी साखळी जिथे बांधली गेली, तिथे साधी शिकलेली बाईही उत्तम सेवा देते, याचा याहून मोठा पुरावा कोणता हवा? आयुष्याच्या पहिल्या बेचाळीस दिवसांसाठी जे पंचांग आपण रचले, ते अखेरच्या परावलंबी वर्षांसाठी रचावे असे आपल्याला वाटले नाही, इतकेच.

त्याऐवजी पैसा गेला तो इस्पितळाच्या खाटेकडे. 2024 पासून सत्तरीपुढच्या प्रत्येकास पाच लाखांपर्यंत मोफत उपचारांचे कार्ड मिळू लागले. उपक्रम स्तुत्य खरा, पण त्याचा अंमल दाखल झालेल्या रुग्णापुरता. नाशिकच्या सिव्हिलमधून पक्षाघाताचा रुग्ण लघवीची नळी घालून त्र्यंबकेश्वराच्या पलीकडच्या गावी परतला, की नळी बदलण्यासाठी जीप ठरवून पुन्हा त्याला तालुक्याला आणणे हा कुटुंबाचा खाजगी प्रश्न होतो. मुलगा आणि सून द्राक्षांच्या हंगामात दिंडोरी-निफाडच्या बागांवर गेलेली असली, तर हा प्रश्न सोडवायला घरात माणूसही उरत नाही. त्याच वर्षी आलेल्या वयोश्री योजनेचे तीन हजार रुपये एकदाच मिळतात; त्यात वॉकर किंवा कमोड खुर्ची येते, ती धरून बसवणारा हात येत नाही.

शहरातली तऱ्हा निराळी आहे. नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेल्या गृहस्थाकडे ब्युरोतून बारा तासांची मावशी ठेवण्याइतके निवृत्तिवेतन असते. पण ती मावशी कालपर्यंत कोठे काम करीत होती आणि रुग्ण उचलायला तिला कोणी शिकवले, हे विचारण्याची पद्धत नाही. याच शहरात आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे आणि रुग्णसाहाय्यकाचा शिक्षणक्रम मराठीतून शिकविणारे मुक्त विद्यापीठही आहे. या दोहोंची सांगड ब्युरोशी घालण्यास फार मोठ्या द्रव्याची गरज पडावी असे वाटत नाही.

जपानने एप्रिल 2000 मध्ये दीर्घकालीन शुश्रूषेचा सक्तीचा विमा सुरू केला. तेथे चाळिशीपासून प्रत्येक जण वर्गणी भरतो, परावलंबित्व चौऱ्याहत्तर मुद्द्यांवर मोजले जाते, आणि प्रत्येक कुटुंबाला सेवेचा आराखडा करून देणारा माणूस नेमलेला असतो. तो थाट आपल्याला झेपणारा नव्हे. परंतु मलप्पुरमच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांनी उभारलेल्या शुश्रूषेच्या जाळ्याला जोडून घेत केरळने 2008 साली परिहारक शुश्रूषेचे धोरण केले व पंचायतींना त्यात गोवले, हे तर आपल्याच देशातले आहे. महाराष्ट्रानेही 2012 साली तसे धोरण केले. धोरणे करण्यात आपण कधीच मागे नसतो.

दर्जा मोजायचा तर मी एकच मोजमाप सुचवीन, आणि ते म्हणजे पाठीवरची जखम. दोन-दोन तासांनी कूस बदलली, अंग कोरडे ठेवले, पोटात अन्न गेले आणि कोणी नियमाने येऊन पाहिले, तर बहुतेक शय्याव्रण टळतात. म्हणून नव्याने झालेला व्रण हा एकट्या सुनेचा दोष न समजता, मातामृत्यूची होते तशी त्याची चौकशी प्राथमिक आरोग्य केंद्रात व्हावी. जाब विचारण्याची रीतही तयार आहे: 2007 पासून पाच जिल्ह्यांत आरंभ झालेल्या लोकाधारित देखरेखीत गावकऱ्यांनी आरोग्यसेवेला लाल, पिवळे, हिरवे शेरे दिले आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांना उत्तरे द्यायला लावली. त्या तक्त्यात अंथरुणावरच्या म्हाताऱ्यांची एक ओळ वाढवायची आहे.

हे ओझेही आशांच्याच डोक्यावर ठेवू नये. 2023-24 मध्ये मानधनासाठी राज्यभर संप करावा लागलेल्या स्त्रियांकडे आणखी एक रजिस्टर सोपविणे ही काटकसर महागात पडेल. उपकेंद्रामागे एक स्वतंत्र, पगारी, नळी बदलू शकणारी व जखम धुऊ शकणारी सेविका, आणि पाड्यापाड्यांवर जाण्यासाठी आठवड्यातून ठरल्या वारी मिळणारे वाहन, एवढी तरतूद हवी; तिचा वार ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिलेला असावा, म्हणजे ती न आली तर ते साऱ्या गावाला कळेल.