महासाथ, महाविद्यालयीन क्रीडा आणि वैद्याची सही

मार्च 2020 मध्ये आपल्या शहरातील महाविद्यालये बंद झाली आणि त्यांच्या पाठोपाठ मैदानेही ओस पडली. 10 ते 18 जुलै 2020 या काळात तर औरंगाबादेत (आजचे छत्रपती संभाजीनगर) कडक संचारबंदी होती. त्यानंतर राज्य शासनाच्या आदेशान्वये 5 ऑगस्टपासून सांघिक नसलेल्या मैदानी क्रीडाप्रकारांना अनुमती मिळाली. त्या यादीत गोल्फ, टेनिस, मैदानी बॅडमिंटन व जिम्नॅस्टिक्स यांच्या पंक्तीला आपला मल्लखांबही होता. कबड्डी व खो-खो मात्र नव्हते. त्या दिवसांत चिकित्सालयात आलेल्या एका क्रीडाशिक्षकांनी प्रस्तुत लेखकास काहीशा त्राग्याने विचारले, ‘‘डॉक्टर, मल्लखांबाला कोरोना होत नाही आणि कबड्डीला होतो, असे तुमच्या ग्रंथात कुठे लिहिले आहे काय?’’

प्रश्न थट्टेचा होता, परंतु त्याचे उत्तर ग्रंथात खरोखरच आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात, कुष्ठनिदानाच्या अखेरीस, एका मनुष्यापासून दुसऱ्यास संक्रांत होणाऱ्या व्याधींची कारणे सांगितली आहेत. अंगाचा स्पर्श, निःश्वास, सहभोजन, एका शय्येवर वा आसनावर बसणे-निजणे, दुसऱ्याची वस्त्रे व लेप वापरणे ही ती कारणे होत. आणि अशा औपसर्गिक व्याधींत ज्वराची गणना आहे. कबड्डीच्या चढाईत यांतील पहिली दोन कारणे एकाच क्षणी घडतात. मल्लखांबावर एका वेळी एकच खेळाडू असतो. मागाहून खांब पुसला आणि तेलाची वाटी वेगळी ठेवली, की बराचसा प्रश्न सुटतो.

पण ही यादी शेवटपर्यंत वाचली तर अधिक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येते. यातील बहुतेक कारणे मैदानावर घडतच नाहीत. आपल्या विद्यापीठाचे कार्यक्षेत्र छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड व धाराशिव या चार जिल्ह्यांचे आहे. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा म्हटली की धाराशिवकडील संघ एसटीने कित्येक तासांचा प्रवास करून येणार, सभागृहात सतरंज्या टाकून शेजारी शेजारी झोपणार, एकाच पिंपातून पाणी पिणार, एकाच पंगतीला जेवणार. सामना तासाभराचा, सहवास मात्र दोन दिवसांचा. मोकळ्या हवेतील धावपट्टीपेक्षा बंद खिडक्यांची बस अधिक घातक, हे पुढे सर्वमान्य झाले; परंतु आरंभी आपण मैदानांनाच कुलपे लावली, ही वस्तुस्थिती आहे. चालणे, धावणे, सूर्यनमस्कार यांसाठी क्रीडांगणे सर्वांत आधी उघडावयास हवी होती आणि स्पर्धा सर्वांत शेवटी, असे या लेखकाचे स्पष्ट मत आहे. रणजी करंडकासारखी स्पर्धाही 2020-21 च्या हंगामात झाली नाही. तेथे विद्यापीठाच्या चषकाने एक वर्ष वाट पाहिली म्हणून काही बिघडले नाही. तिसऱ्या वर्षात शिकणाऱ्या खेळाडूचे मात्र बिघडले, हेही मान्य केले पाहिजे. त्याला तो हंगाम पुन्हा मिळाला नाही आणि क्रीडागुणांच्या आधारावर नोकरीची आशा धरणाऱ्या ग्रामीण मुलांचे नुकसान तर कोणीच मोजले नाही.

येथवरचा विचार शासनाचा व विद्यापीठाचा. आपणा वैद्यांशी ज्याचा थेट संबंध येतो तो भाग याहून वेगळा आहे आणि त्याबाबत आपली वागणूक सर्वस्वी निर्दोष होती, असे म्हणता येत नाही.

15 फेब्रुवारी 2021 रोजी राज्यातील महाविद्यालये निम्म्या उपस्थितीत सुरू झाली. त्याच सप्ताहात एक कबड्डीपटू माझ्याकडे तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र मागण्यास आला. वय वीस, बांधा उत्तम. महिन्यापूर्वी ‘थोडा ताप’ येऊन गेला होता. तपासणी केलेली नव्हती. नाडी पाहिली, छाती ऐकली, ताप नव्हता. बाहेर रुग्ण खोळंबले होते. मी सही केली. आठच दिवसांत त्याचे वडील त्याला घेऊन आले. दोन फेऱ्या धावताच छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी, जिना चढताना धाप. हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठविले. सुदैवाने गंभीर काही निघाले नाही. परंतु तीन महिने विश्रांती घ्यावी लागली. वडिलांनी मला एका शब्दानेही दोष दिला नाही. तो मी स्वतःलाच देत आलो आहे, कारण चरकांनी ज्वरचिकित्सेत जे स्वच्छ सांगितले आहे ते मला पाठ होते: ज्वरमुक्त मनुष्याने व्यायाम, मैथुन, स्नान व फार चालणे-फिरणे हे बल परत येईपर्यंत करू नये. ताप उतरला म्हणजे बल आले असे तेथे म्हटलेले नाही. माझ्या सहीने मात्र नेमके तेच म्हटले होते.

आधुनिक शास्त्रालाही हा धडा वर्षभरात शिकावा लागला. अमेरिकेतील ‘बिग टेन’ या विद्यापीठसंघाने 11 ऑगस्ट 2020 रोजी शरद ऋतूतील क्रीडा पुढे ढकलल्या. त्यामागील चिंतांपैकी एक होती हृदयाच्या स्नायूला येणाऱ्या शोथाची. महिनाभरात निर्णय फिरला आणि ऑक्टोबरमध्ये फुटबॉल सुरू झाला, पण आजारातून उठलेल्या खेळाडूंची हृदयतपासणी बंधनकारक करून. पुढे त्याच संघातील 1597 खेळाडूंच्या एमआरआय तपासण्या प्रसिद्ध झाल्या. त्यांपैकी 37 जणांत, म्हणजे 2.3 टक्क्यांत, असा शोथ आढळला आणि त्यांतील बहुतेकांना छातीची काही तक्रारच नव्हती. आरंभी वाटले होते त्याहून हे प्रमाण पुष्कळ कमी, पण नगण्य नव्हे. आपल्याकडे प्रत्येक खेळाडूचा एमआरआय कोण करणार? तेव्हा वैद्याने विचारलेल्या प्रश्नांनाच अधिक महत्त्व येते.

ते प्रश्न अवघड नाहीत. ताप किती दिवस होता, भूक व झोप पूर्ववत झाली काय, चालताना बोलता येते काय, धडधड, छातीत दुखणे वा मूर्च्छा कधी आली काय. यांपैकी शेवटच्या तीनपैकी एकही असल्यास औषध न देता ईसीजी व पुढील तपासणीसाठी पाठवावे. नसल्यास प्रथम सपाटीवर चालणे, मग हलके धावणे, मग चेंडू आणि सर्वांत शेवटी झटापटीचे खेळ. मात्रा ठरविण्यास घड्याळाची गरज नाही. कपाळ, नाक, काख यांस घाम येऊन तोंडास कोरड पडू लागली आणि तोंडाने श्वास घ्यावा लागला की अर्धे बल खर्ची पडले, असे समजावे. बलवान मनुष्यानेही तेथेच थांबावे. वाग्भटांनी ही अर्धशक्तीची मुभाही शीतकाळ व वसंतापुरतीच दिली आहे. मराठवाड्याच्या मे महिन्यात दुपारी सराव घेणाऱ्या प्रशिक्षकांनी हे ऐकावे, ही अपेक्षा बहुधा फोलच!

औषधविक्रेत्या बंधूंनाही दोन शब्द. आयुष मंत्रालयाने 2020 मध्ये तुळस, दालचिनी, मिरे, सुंठ व मनुका यांचा काढा दिवसातून एकदा-दोनदा घेण्यास सुचविले होते. मुले तो चार-चार वेळा पिऊन, ‘आता आम्हाला काही होत नाही’ म्हणत मैदानावर जात. उन्हाळ्यात घोळणा फुटून, तोंड येऊन, आम्लपित्त वाढून ती आपल्याकडे परत आली. काढ्याची पुडी देताना ‘हा खेळण्याचा परवाना नव्हे’ एवढे सांगण्यास किती वेळ लागतो? अश्वगंधा व च्यवनप्राश हे त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये प्रसिद्ध झालेल्या आयुष चिकित्साप्रणालीत आजारानंतरच्या काळासाठी सांगितले आहेत. अग्नी मंद असताना तेही जड होतात, हे गिऱ्हाइकास विक्रेत्यानेच सांगावयास हवे. शिवाय स्पर्धेतील खेळाडूस उत्तेजकद्रव्य चाचणीस सामोरे जावे लागते. घटकांची नोंद नसलेले ‘ताकदीचे चूर्ण’ त्यास कदापि देऊ नये.

पुढे महाविद्यालये 20 ऑक्टोबर 2021 रोजी उघडली, जानेवारी 2022 मध्ये पुन्हा बंद झाली. खेलो इंडिया विद्यापीठ क्रीडास्पर्धांचे 2021 चे पर्व अखेर एप्रिल 2022 मध्ये बंगळुरूस सुरू झाले. आज मैदाने गजबजलेली आहेत आणि तंदुरुस्तीच्या प्रमाणपत्रावर तीच जुनी एक ओळ आहे. माझ्या चिकित्सालयात मात्र मी ती बदलली. ‘गेल्या तीन महिन्यांत ताप आला होता काय, किती दिवस, त्यानंतर जिना चढविला काय’ असे तीन रकाने छापून घेतले. खेळाडूस माझ्या समोर दोन मजले चढून येण्यास सांगतो आणि नंतरच लेखणी उचलतो. काही क्रीडाशिक्षक यावर नाराज आहेत. त्यांच्या मुलांना दुसरीकडे पाच मिनिटांत सही मिळते. हा तीन रकान्यांचा नमुना संघटनेने सर्व शाखांना पाठवावा, असा ठराव येत्या सर्वसाधारण सभेत मांडण्याचा माझा विचार आहे.