किटली, जिलेबी आणि सहा मिनिटं

मीटर दिसतच नव्हता. ट्रॅक्टर घरी येऊन दोन दिवस झाले होते आणि पूजेची झेंडूची माळ अजून स्टिअरिंगवर होती. फुलं सुकून खाली घसरली होती ती नेमकी डिस्प्लेवर. वहिनींनी माळ बाजूला सारली तेव्हा काचेवर कुंकवाचं बोट दिसलं, तेही बरोबर तापमानाच्या खुणेवर.

"ते पुसू नका," त्या म्हणाल्या. "पाऊस धुवंल तवा धुवंल."

खरं तर मला संपादकांनी बैलांसाठी पाठवलं होतं. मुरबाड तालुक्यातल्या म्हशाला पौष पौर्णिमेपासून म्हसोबाची जत्रा भरते आणि तिथला गुरांचा बाजार नावाजलेला आहे. "बैल कमी झाले, छोटे ट्रॅक्टर आले, असं काहीतरी कर," एवढीच सूचना होती. शहापूरहून किन्हवलीमार्गे सरळगावला जाणाऱ्या रस्त्यावर, मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, एका घराच्या पडवीत रिकामी गव्हाण आणि तिच्या शेजारी हा नवाकोरा चोवीस एचपीचा ट्रॅक्टर उभा दिसला म्हणून उतरलो. बैलांचा विषय दहा मिनिटांत संपला. दोन वर्षांपूर्वी विकले, सांभाळायला माणूस नाही, मुलगा मुरबाडच्या एमआयडीसीत पाळीला जातो. पुढचे तीन तास घरधनी दादा, त्यांच्या घरच्या वहिनी आणि मी असे तिघं त्या वीतभर रुंदीच्या डिस्प्लेसमोर उभे होतो.

त्याआधी ट्रॅक्टर कंपन्यांचा इतिहास थोडक्यात उरकतो. मुंबईजवळ कांदिवलीत महिंद्रांनी अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर ट्रॅक्टरची कंपनी काढली ती १९६३ साली. ते ट्रॅक्टर मोठ्या, सपाट, कोरड्या जमिनींसाठी. बांधाबांधांच्या भातशेतीला सोयीचं होतं ते पॉवर टिलर. बंगळुरूची व्हीएसटी १९६७ साली जपानच्या मित्सुबिशीच्या साथीने त्यात उतरली. आज दिसणारे अनेक छोटे ट्रॅक्टरही जपानचंच देणं आहेत, कारण चिखलातल्या लहान खाचरांचं दुखणं त्यांनी आपल्याआधी ओळखलं. कुबोटा तिकडचीच. महिंद्रांची 'ओजा' ही मालिकाही जपानी भागीदारासोबत तयार झाली. तिचं अनावरण १५ ऑगस्ट २०२३ रोजी दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाउनला झालं. तेलंगणात झहीराबादला बनणारा ट्रॅक्टर आधी केपटाउनला का दाखवायचा, हे कंपनीलाच ठाऊक. आपल्या देशात सरासरी जमीनधारणा १.०८ हेक्टर आहे, हे २०१५-१६च्या कृषी गणनेतलं वाक्य मात्र या सगळ्यांना पाठ असावं.

तर तो डिस्प्ले. मधे गोल काटा, इंजिनाचे मिनिटाला किती फेरे होतात ते सांगणारा. त्याच्या पोटात एक छोटी काळसर पट्टी, तिच्यावर आकडे. दोन बाजूंना दिव्यांच्या खुणा. किल्ली अर्धी फिरवली की सगळे दिवे एकदम पेटतात आणि इंजिन सुरू झालं की एकेक करून विझतात. जो विझत नाही, त्याच्यात दुखणं. माहितीपुस्तक इंग्रजी-हिंदीत होतं. ते कपाटात गेलं होतं आणि वहिनींनी खुणांचं स्वतःपुरतं बारसं उरकून टाकलं होतं. तेलाच्या दाबाचा दिवा ती किटली, तिच्या चोचीतून थेंब पडतो म्हणून. इंजिन सुरू करण्याआधी सिलिंडर तापवणाऱ्या हिटरची वेटोळ्याची खूण ती जिलेबी. बॅटरीची डबी. पीटीओची, म्हणजे मागचं अवजार फिरवणाऱ्या शाफ्टची, खूण तो दातेरी सूर्य. आणि हाताच्या ॲक्सिलरेटरजवळ, एका टोकाला ससा नि दुसऱ्याला कासव. ही चित्रं जगभरच्या शेतीयंत्रांवर अशीच असतात, त्यांचं आंतरराष्ट्रीय मानकच ठरलेलं आहे. पण एखाद्या मानक मंडळाने जिलेबी असं नाव दिलं असतं तर किती सोपं झालं असतं.

"जिलेबी विझू द्याची, मग किल्ली," असा त्यांनी दादांना दिलेला पाठ. दादांना तो पटत नव्हता. त्यांनी बारा वर्षं पॉवर टिलर चालवलेला. टिलरला मीटर नसतो. मीटर म्हणजे तळहात, मनगट आणि कान. इंजिनावर भार आला की हाताला आधी कळतं. त्यामुळे नव्या ट्रॅक्टरच्या काट्याकडे ते बघतच नव्हते.

पहिल्याच दिवशी ट्रॅक्टरने त्यांची फजिती केली होती. ट्रॉलीवरून उतरवला, नारळ फोडला, गावातली पोरं जमली, आणि किल्ली फिरवली तर नुसते दिवे. इंजिन हू की चू करीना. नवीन गाडी बंद निघाली म्हणून शोरूमला फोन गेला. तिकडच्या मेकॅनिकने एकच प्रश्न विचारला: पीटीओचा दिवा, म्हणजे वहिनींचा सूर्य, पेटलाय का? पेटला होता. उतरवताना कुणाचा तरी पाय लागून पीटीओचा दांडा जोडलेला राहिला होता. मागचा शाफ्ट जोडलेला असताना इंजिन सुरूच होऊ नये, कुणाचं धोतर-लुगडं त्यात जाऊ नये, म्हणून क्लच, गिअर आणि पीटीओला सुरक्षेचे स्विच बसवलेले असतात. बैल बिथरला तर आपण त्याला काय झालं ते शोधतो. इथे यंत्र आपल्याला विचारत होतं, तुम्ही चुकलात कुठे.

पण माझं लक्ष ज्याने खिळवलं तो त्या काळसर पट्टीवरचा तासांचा आकडा. मोटारीला किलोमीटर, तसे ट्रॅक्टरला तास. पहिली सर्व्हिस पन्नास तासांनी, पुढच्या ठरावीक तासांनी. वॉरंटीही तासांत बोलते. आणि इकडे भाडंही तासावर. म्हणजे हा एक आकडा शोरूमचा, शेजाऱ्याचा आणि बँकेच्या हप्त्याचा, तिघांचा हिशेब धरून बसलेला.

मी पोचलो त्याच्या आदल्या दिवशी पहिलं भाडं झालं होतं. भाऊबंदांतल्याच एकाची उन्हाळी भेंडी निघाली होती, त्या जमिनीत रोटर (रोटाव्हेटर) मारायचा होता. सुरुवातीला आकडा ८.२, शेवटी ११.६. वजाबाकी ३.४. गिऱ्हाईक म्हणालं, तीन तास चार मिनिटं. दादाही म्हणाले, बरोबर. वहिनी तेवढ्या अडल्या. बचत गटाची वही त्या सात वर्षं लिहितात आणि टिंबानंतरचा आकडा मिनिटांचा नसतो हे त्यांना कळतं. तो तासाचा दहावा भाग. एक आकडा म्हणजे सहा मिनिटं. ३.४ म्हणजे तीन तास चोवीस मिनिटं. तासाला नऊशे धरले तर त्या वीस मिनिटांचे तीनशे रुपये होतात. भाऊबंदाला ते पटेना. त्याने मोबाइलचं घड्याळ दाखवलं, तर ते साडेतीन तासांच्या जवळ निघालं. मग तो गप्प झाला, पण नाराज होऊन.

नाराजीला एक जुनं कारण आहे आणि ते मला फार आवडलं. गावात एक मोठा जुना ट्रॅक्टर आहे, त्याचा मीटर तारेवर चालणारा. अशा मीटरला इंजिनाचे फेरे मोजता येतात, वेळ नाही. इंजिन ठरलेल्या वेगाने फिरलं तर मीटरचा तास घड्याळाच्या तासाएवढा. ते निम्म्या वेगाने घुरघुरत राहिलं तर घड्याळाच्या तासात मीटर अर्धाच तास सरकतो. त्यामुळे मालक चहाला थांबला, इंजिन कासवावर ठेवून बांधावर गप्पा मारत बसला, तरी गिऱ्हाइकाला फारसा फटका नाही. नवा डिजिटल मीटर असला भेदभाव करत नाही. इंजिन चालू म्हणजे तास चालू, मग ससा असो की कासव. मीटरचा तास खरा की घड्याळाचा, या वादात गावाची एक पिढी जुन्या मीटरच्या बाजूने उभी आहे, आणि त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही. काम फेऱ्यांनी होतं, वेळेने नाही.

वहिनींनी दुसऱ्या दिवसापासून वही घातली. पाच रकाने: तारीख, गिऱ्हाईक, सुरुवात, शेवट, सहीऐवजी गिऱ्हाइकाचा अंगठा किंवा आद्याक्षर. सहा मिनिटांचा पाढा मागच्या पुठ्ठ्यावर लिहिला. चहाला थांबायचं तर इंजिन बंद, हा नियम दादांना.

जुलैत चिखलणीच्या दिवसांत परत गेलो. मे महिन्यात टँकरची वाट बघणारा हाच शहापूर तालुका आता पाण्याखाली होता. मुंबईला पाणी देणाऱ्या भातसा, तानसा भरत होत्या आणि मुंबई सुस्कारा टाकत होती. (उन्हाळ्यात इथे रेडिएटरला कूलंट मिळतं, घागरीला पाणी मिळत नाही, यावर वेगळा लेख होईल.) मागच्या चाकांना लोखंडी चाकं जोडलेली, रोटर गुडघाभर चिखलात. काट्यावर एका जागी ५४० असं लिहिलेलं आहे. इंजिनाचे फेरे तिथे आले की पीटीओचा शाफ्ट मिनिटाला ५४० वेळा फिरतो, आणि रोटर त्याच वेगासाठी बनवलेला असतो. दादा काटा न बघता तिथे आणतात. मी चार वेळा तपासलं, चारही वेळा काटा खुणेच्या केसभर अलीकडे-पलीकडे. रोटरला ढेकूळ अडलं की आधी आवाज खाली बसायचा, दादांचा हात ॲक्सिलरेटरकडे जायचा आणि काटा मागाहून हलायचा.

मला वाटलं, हरला डिस्प्ले. तेवढ्यात दादांनी मधेच कासव गाठलं, रोटर उचलला आणि उतरले. पावसाने कुंकू केव्हाच धुवून नेलं होतं आणि त्याच्या जागी तापमानाच्या रेघा वर चढल्या होत्या. आवाजात काडीचा फरक नव्हता. बॉनेट उघडलं तर रेडिएटरच्या जाळीवर गवत नि चिखलाचा थर लिंपल्यासारखा बसलेला. त्यांनी तो बोटांनी खरवडून काढला, इंजिन थोडा वेळ तसंच हळू चालू ठेवलं, रेघा उतरल्या.

"हिनं सांगितलंय," ते जरा ओशाळून म्हणाले, "दर वळणाला एकदा बघायचं. नांगर वळवताना बैलाच्या तोंडाकडं बघतो ना, तसं."

किटलीचंही तेच. तेलाचा दाब गेला तर कानाला कळेपर्यंत इंजिन गेलेलं असतं. जे ऐकू येत नाही तेवढ्यापुरता हा डिस्प्ले आहे, आणि तेवढ्यासाठी तो लाखमोलाचा आहे.

लाखांवरून आठवलं. छोटा असला तरी ट्रॅक्टर पाच-सात लाखांच्या घरात जातो. सप्टेंबर २०२५मध्ये जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तेवढा दिलासा. कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनेत अल्पभूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना किमतीच्या निम्मे किंवा सव्वा लाख, यांतलं कमी असेल तेवढं अनुदान आहे. पण महाडीबीटीवर अर्ज करून पूर्वसंमती आल्यावरच खरेदी करायची असते. पाऊस पूर्वसंमतीची वाट बघत नाही. या घराने आधी ट्रॅक्टर घेतला आणि अनुदानावर पाणी सोडलं. राबाची रोपं लावणीला आली की चिखलणीला पंधरा-वीस दिवस मिळतात, त्यातच सगळ्या गावाला ट्रॅक्टर एकाच वेळी हवा असतो. उरलेलं वर्षभर फुटकळ कामं. हप्ता मात्र सहामाही.

आणि बांध. खाचरातून खाचरात जाताना ट्रॅक्टर उभ्या बांधावर पुढे तोंड करून चढवला तर पुढची चाकं उचलून तो चालकाच्या अंगावर उलटू शकतो. म्हणून चढ उलट्या गिअरमध्ये घ्यायचा. दादा तसाच घेतात, पण प्रत्येक वेळी वहिनींचा हात पदराकडे जातो. वाहनाला वाट नाही हे त्याहून मोठं. इथल्या शेतांना रस्ते नाहीत, वरच्या खाचराची वाट खालच्याच्या खाचरातून. बैल लावणी झालेल्या शेताच्या बांधावरून एकामागे एक चालत जायचे. ट्रॅक्टर मीटरभर रुंद असला तरी बांध वीतभराचा. म्हणून चिखलणीचा क्रम सगळ्या शिवाराने मिळून ठरवावा लागतो: वरून खाली, आणि यंत्र सर्वांत शेवटी बाहेर. एकाला मजूर लवकर मिळाले, त्याने आधी लावणी उरकली, की साखळी तुटली. उंदीर तर वेगळेच. पावसाळ्यात पडवीत उभ्या ट्रॅक्टरच्या वायरी ते कुरतडतात आणि मग डिस्प्लेवर किटली, डबी, जिलेबी सगळ्यांची दिवाळी होते.

नागपंचमीच्या सुमारास तिसऱ्यांदा गेलो तर पडवीत ट्रॅक्टर नव्हता. साखळी तुटली होती. माळाच्या बाजूचं शेवटचं खाचर करायला दादा वर गेले आणि तेवढ्या दोन दिवसांत खालच्या तिघांची लावणी झाली. रोपं तुडवून यायचं तर भरपाई द्यावी लागणार, शिवाय भाऊबंदकी. आणि कार्तिकापर्यंत त्याला तसंही काम नव्हतं. आंब्याखाली, निळ्या ताडपत्रीत गुंडाळून तो तिथेच ठेवला होता. ठेवला तेव्हा मीटर ४६.८ वर होता, पन्नासच्या सर्व्हिसला तीन तास बारा मिनिटं बाकी.

बॅटरी बसू नये म्हणून वहिनी दर चार-पाच दिवसांनी छत्री घेऊन बांधावरून वर जातात. ताडपत्री उचलतात, दांडा सुटा आहे ना बघतात, क्लच दाबतात, जिलेबी विझू देतात आणि पाव तास इंजिन चालू ठेवून शेजारी उभ्या राहतात. त्यांनी वही दाखवली. ४६.८ ते ४७.०. ४७.० ते ४७.३. ४७.३ ते ४७.५. तारखा बरोबर होत्या. गिऱ्हाइकाच्या रकान्यात तिन्ही वेळा आडवी रेघ मारलेली होती.